ऑफरोड गाडी घेताना या चुका टाळा: आधी ती आडवी पाडा, मग एकट्याने उचला

मे महिना अर्धा सरला की मला फोन सुरू होतात. ‘दादा, पावसाच्या आत ऑफरोड मोटारसायकल घ्यायचीय. साडेचारशे सीसीची घेऊ की थेट साडेसहाशेची?’ मी विचारतो, तुझी उंची किती, वजन किती, गाडी ठेवणार कुठे? समोरच्याला वाटतं मी स्थळ बघतोय. पत्रिका मात्र खरंच जुळवावी लागते. गेली बारा वर्षं ठाण्याहून मुरबाड, कर्जत, कसारा या बाजूच्या चिखलात गाड्या घालतोय, आणि दर पावसाळ्यात तेच तेच लोक त्याच त्या चुका करून बांधावर कंबर धरून बसलेले दिसतात. फक्त चेहरे नवे.

सीसीवरून गाडी ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. मुलुंडचा एक पोरगा आमच्याबरोबर पहिल्यांदाच आला. उंची पाच फूट चार, वजन अठ्ठावन्न किलो. गाडी कोरी करकरीत, दोनशे किलोच्या आसपासची. वर लोखंडी गार्ड, दोन्ही बाजूंना पेट्या, टाकी फुल्ल. मी निघतानाच म्हटलं, पेट्या घरी ठेव. तो म्हणाला, ‘फोटोत छान दिसतात, दादा.’ मी गप्प बसलो. चूक माझीही.

मुरबाडच्या पुढे एका गावाबाहेर बैलगाडीची वाट होती, दोन्ही बाजूंना लावणी चाललेली, मध्ये शंभरेक मीटर चिखल. त्या शंभर मीटरमध्ये तो पाच वेळा पडला. पहिल्या वेळी हसला. दुसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून गाडी उचलली. तिसऱ्या वेळी त्याचे हात थरथरायला लागले, आणि खरी गडबड तिथून सुरू झाली. थकलेला माणूस क्लच अर्धवट धरून रेस देत राहतो. चौथ्या वेळी जळका वास आला, लिव्हर ढिली पडली. पाचव्या वेळी गाडी पेटीवर टेकून आडवी झाली आणि पेटी चिखलात अशी रुतली की खाचरातले चार जण काम टाकून आले. त्यातल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, ‘एवढी जड कशाला घेतली रं?’ याला उत्तर नव्हतं. गाडी रात्री त्यांच्याच गोठ्यात राहिली, दुसऱ्या दिवशी टेम्पोने आली.

आता आकडे बघा. कंपन्यांनीच दिलेलं वजन घेतलं तर कावासाकीची केएलएक्स २३० साधारण १३९ किलो, हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १५९ च्या आसपास आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० भरते १९६ किलो. केएलएक्स आणि हिमालयनमध्ये ५७ किलोंचा फरक. म्हणजे तो मुलुंडचा पोरगा जवळजवळ अख्खाच्या अख्खा. हिमालयन वाईट गाडी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. लेह-स्पितीला सामान लादून जायचं असेल तर तिच्यासारखी सोबत नाही. पण मुरबाडच्या चिखलात नवखा माणूस तासाला चार वेळा पडतो, आणि तिथे इंजिनाची ताकद कामाला येत नाही, पाठीची येते.

डाकार रॅलीतही २०११ पासून ४५० सीसीच्या वरची मोटारसायकल चालत नाही. वाळवंटातून रोज शेकडो किलोमीटर तुडवणाऱ्यांना तेवढं पुरतं. आपण रविवारी सकाळी निघून संध्याकाळच्या चहाला घरी येणारे लोक.

माझी परीक्षा सोपी आहे. जी गाडी घ्यायची तीच मित्राकडे किंवा ट्रेनिंगवाल्यांकडे मिळवा (शोरूमवाला ही परवानगी देणार नाही, विचारून वेळ घालवू नका), गवतावर आडवी ठेवा आणि एकट्याने उचला. तीनदा, मध्ये पाच मिनिटंही न थांबता. पहिल्यांदा कोणीही उचलतं, तिसऱ्यांदा उचलता आली तर ती तुमची. उचलताना इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते. पाठ गाडीकडे, बूड सीटला टेकलेलं, एक हात आतल्या बाजूच्या हँडलला आणि दुसरा मागच्या फ्रेमला, आणि जोर पायांचा. वाकून कंबरेने उचलणारे पुढच्या रविवारी घरीच असतात.

‘हायवेला कमी पडेल’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पाठ आहे. मुंबईकराने मोठं इंजिन जिथे मोकळं सोडलं असतं ते रस्ते आठवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड. चारही दुचाकीला बंद. आपल्या वाट्याला घोडबंदर, सायन-पनवेल आणि कल्याण-मुरबाड. तिथे ऐंशीचा वेग मिळाला तर नशीब. दोनशे सीसीची गाडी ऐंशीला निवांत चालते. घाटात ट्रकच्या मागे धीर धरावा लागतो हे खरं. ज्याला तेवढाही धीर नाही त्याने ऑफरोडच्या नादी लागू नये, इथे सगळा खेळ सावकाश जाण्याचा आहे.

पाय टेकत नाहीत म्हणून गाडी खाली करून घेणं

ही चूक मी स्वतः केलीय. माझी उंची पाच फूट पाच. नव्या गाडीवर बसलो की दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकायचे. सिग्नलला भीती वाटायची. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘साहेब, मागच्या शॉकअपला जोडलेली लिंक बदलून देतो, दोन इंच खाली, अर्ध्या तासाचं काम.’ मी खूश. दोन्ही टाचा टेकल्या, पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

त्याच रात्री सोसायटीत गाडी साइड स्टँडला लावली. गाडी दोन इंच खाली, स्टँड पहिल्याच लांबीचं, त्यामुळे कलायच्या ऐवजी ती जवळजवळ सरळ उभी. पहाटे कोणीतरी आपली स्कूटर काढताना हलकासा धक्का लावला असेल. गाडी उलट्या बाजूला पडली ती थेट खालच्या मजल्यावरच्या काकांच्या ॲक्टिव्हावर. काका चांगले म्हणून आरसा आणि बॉडीपॅनलवर भागलं. पुढच्या रविवारी कर्जतकडच्या दगडांवर जिथून आधी सहज जायचो तिथे इंजिनाखालची प्लेट खडाखडा आपटायला लागली. मागची बाजूच तेवढी खाली बसलेली, पुढची तशीच, त्यामुळे हँडल वळायला आळशी. महिनाभरात जुनी लिंक परत टाकली. मजुरी दोनदा दिली.

कापाकापी करण्याआधी करून बघायच्या गोष्टी आहेत. तुमचं वजन कमी असेल तर मागचा शॉकअप तुमच्याखाली पुरता बसतच नाही, म्हणून गाडी उंच राहते. मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून सरळ वर, सीटखाली केलेल्या खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग बूट, हेल्मेट, पाठीवरची बॅग, सगळं चढवून बसा आणि मित्राला पुन्हा मोजायला सांगा. फरक मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या (चाक वरखाली जेवढं हलतं त्याच्या) साधारण एक तृतीयांश हवा. साध्या एक्सपल्सला मागे १७० मिमी चाल आहे, म्हणजे पंचावन्न-साठ मिमी. त्याहून कमी बसत असेल तर प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सैल करा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर तिथेच मिळतो, तोही फुकट. शिवाय उंची नेहमी ऑफरोडचे बूट घालून बघा. त्यांचा तळवा जाड असतो. लोक शोरूममध्ये चप्पल घालून जातात आणि उदास होऊन परततात.

दोन्ही पाय टेकायची गरजही नसते. बूड थोडं सरकवायचं, एक पाय पुरा टेकवायचा, दुसरा फूटरेस्टवर. थांबायची जागा आधीच हेरायची, जमीन ज्या बाजूला उंच त्या बाजूचा पाय. हे जमायला मला एक पावसाळा लागला.

सीटच्या उंचीचा आकडा एकटा वाचू नका. एक्सपल्स आणि हिमालयन ४५० दोघींची सीट ८२५ मिमी, पण टेकलेल्या पायाला तोलायची दुसरी गाडी पहिलीपेक्षा सदतीस किलो जड. केएलएक्सची सीट ८८०. तरी बुटक्या माणसाला उंच आणि हलकी गाडी दे, तो निभावून नेतो. बुटकी आणि जड दिलीस तर कलली की गेली. निदान माझं मत तरी पक्कं तेच आहे.

बाकीच्या, थोडक्यात

ड्राय वेट वाचून खूश होणं. ते पेट्रोल-ऑइलशिवायचं वजन. एक लिटर पेट्रोल पाऊण किलो, सतरा लिटरची टाकी भरली की पावणेतेरा किलो, तेही सगळं वरच्या बाजूला. चिखलाच्या दिवशी मी अर्ध्या टाकीवर जातो.

मागे टॉप बॉक्स. नको. का ते चढावर कळेल.

सहा फुटांच्या वरच्यांनी सीटवर बसून नाही, फूटरेस्टवर उभं राहून गाडी निवडावी. हँडलसाठी वाकावं लागत असेल तर हँडल उंच करून घ्या, गाडी मोठी घेऊ नका.

रील बघून मोठी गाडी घेणं. रीलमध्ये गाडी उचलणारे तिघे कॅमेऱ्याच्या मागे असतात.

मुलांसाठी एक नंबर मोठी

आपण शाळेचे बूट एक नंबर मोठे घेतो, पुढे कापूस कोंबतो. तोच हिशोब लोक मुलांच्या डर्टबाइकला लावतात. ‘दोन वर्षांत वाढेल की.’ दोन वर्षं टिकेल तेव्हा ना! ज्या मुलाचे पाय टेकत नाहीत ते दुसऱ्या पडण्याला घाबरतं आणि तिसऱ्या रविवारी पोट दुखतं. मुलाला दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत, इथे मी अजिबात तडजोड करत नाही. शिवाय या गाड्या रस्त्यासाठी नाहीतच, त्यांना नंबरप्लेट मिळत नाही. त्या टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायच्या. सोसायटीच्या आवारात ‘एक चक्कर’ नाही.

पार्किंग न मोजणं

मुंबईत गाडीचं वजन सगळ्यात जास्त कुठे जाणवतं? घरी. दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून, उतारावरून, इंजिन बंद करून मागे ढकलताना. पावसात बेसमेंटची फरशी शेवाळलेली. रुंद हँडल आणि हँडगार्ड धरले तर ऑफरोड गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त जागा लागते. टेप घेऊन जा, हँडलची रुंदी मोजा, आपल्या फटीत धरून बघा. वॉचमन हसेल, हसू दे. रोज रात्री त्यालाच हाक मारायची नसेल तर एवढं करा.

जड गाडी घेऊन बसलाच असाल तर

विकायची घाई नको. पेट्या, टॉप बॉक्स, शोभेचे लाइट काढा. घरच्या वजनकाट्यावर तोला आणि लाजा. माझ्या एका मित्राचे तेवीस किलो निघाले. ट्यूबचे टायर असतील तर चिखलात हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवा, पण पंप बरोबर ठेवा आणि डांबरावर येताच परत भरा. दोनदा पडलात की इंजिन बंद करून दहा मिनिटं बसा. क्लच निवतो, तुम्हीही. एकट्याने जाऊ नका. पहिला पावसाळा फक्त मुरमावर आणि कच्च्या रस्त्यावर काढा.

मुलुंडच्या पोराने क्लचप्लेटा बदलल्या, ती गाडी ठेवली हायवेसाठी आणि चिखलासाठी एक जुनी दोनशेची घेतली. मागच्या जुलैत त्याच वाटेवर तो चार वेळा पडला. एकदाही हाक मारली नाही. तेच आजोबा बांधावर होते. म्हणाले, ‘ही बरी हाय,’ आणि परत लावणीला वाकले.