ताळेबंद जुळला, बोलणं जुळेना

अकाउंटिंगच्या मुलांना ऑनलाइन वर्गात संवादकौशल्य शिकवायला निघाला असाल, तर आधी माझी फजिती ऐका.

पहिल्या सत्रात मी चौघाचौघांचे गट करून त्यांना झूमच्या ब्रेकआउट रूममध्ये धाडलं. काम एकच: ग्राहकांकडे थकलेल्या येण्यांवर मिळून गूगल डॉक्समध्ये अहवाल लिहा. अहवाल देखणे आले. मी खुशीत गुण वाटले. नंतर सहज एका अहवालाची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कोणी कधी काय लिहिलं याची नोंद, उघडली. रात्री ११:४० वाजता एकीने अख्खा मजकूर चिकटवलेला. बाकी तिघांनी फक्त आपापली नावं टाकलेली. मग सगळेच तपासले. बहुतेक ठिकाणी हाच प्रकार.

मुलांवर चिडू नका, चूक माझी होती. शिकवायचं होतं बोलणं आणि गुण दिले कागदाला. बोलण्यात वेळ जातो, एकाने उरकलं तर काम लवकर होतं. हिशेबाची मुलं हा हिशेब आपल्याआधी मांडतात! म्हणून सांगतो: गुण संभाषणालाच द्या.

आता मी जोड्या लावतो. एक लेखापरीक्षक, दुसरा गोदामाचा माणूस. साठ्यात तफावत आहे. तीन मिनिटं, रेकॉर्डिंगसह. एकाने सुरुवातच केली, "माल कुठे गेला?" समोरचा गप्प. रेकॉर्डिंग ऐकल्यावर दुसऱ्या फेरीत तोच म्हणाला, "माल आला की नोंद कशी करता, जरा दाखवाल?" समोरच्याने आपणहून परत आलेल्या मालाची गोष्ट काढली.

मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीतल्या 'वर्कशॉप'मध्ये स्वतःच्या कामाला आणि इतरांचं काम तपासण्याला वेगळे गुण देता येतात. मुळात ते ८० आणि २० असतात. मी निम्मे-निम्मे केले. प्रश्नमंजुषा सोडवून प्रमाणपत्र देणारे तयार कोर्स मात्र लावू नका. त्यात मुलं टिचक्या मारायला शिकतात, बाकी काही नाही.

"हा स्वभावाचा भाग, शिकवून येत नाही," असं सांगणारे ज्येष्ठ भेटतीलच. मलाही भेटले, आणि वर्षभर मी त्यांचं ऐकलं. आयफॅक या लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शिक्षण मानक ३ मध्ये संवादकौशल्य बौद्धिक कौशल्यांच्या बरोबरीने दिलंय, तेवढं दाखवा आणि कामाला लागा.

पहिली रेकॉर्डिंगं भयाण येतील. येऊ द्या, तिसऱ्या-चौथ्या फेरीला आवाज सैलावतो. पण ती सगळ्यांसमोर लावू नका. मी एकदा लावली. त्या मुलाने सत्र संपेपर्यंत कॅमेरा चालू केला नाही.