चोरलेलं गाणं इंटरनेटवरून उतरवायचं कसं

श्रावण लागला की मुंबईतल्या लहानमोठ्या स्टुडिओंत गणपतीच्या गाण्यांची घाई उडते. गाणं यूट्यूबवर चढतं, आणि आगमनाची पहिली मिरवणूक निघायच्या आत त्याची एमपीथ्री टेलिग्रामवर, फुकट डाउनलोडच्या साइटवर आणि डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हवर पोचलेली असते. कमाईचे दिवस जेमतेम तीन-चार आठवडे. कागद आधीच तयार नसतील तर नोटीस लिहिता लिहिताच विसर्जन होतं.

म्हणून सुरुवात कागदांपासून. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे कॉपीराइट असतात. ध्वनिमुद्रण निर्मात्याचं म्हणजे तुमचं, शब्द आणि चाल तुमच्याकडे यायची तर गीतकार-संगीतकाराची सही असलेला लेखी करार हवा. 'आपलंच तर गाणं आहे' हा करार नव्हे. करारात मुदत लिहिली नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरता. सर्व्हर परदेशात असला की नेमकं हेच आडवं येऊ शकतं. म्हणून मुदत आणि 'संपूर्ण जग' हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची स्वतःची ओळख, घ्या. गाणं ॲप्सवर पोचवणारा वितरक तो देतो, किंवा इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघटनेकडून मिळवता येतो. कॅराओके, रीमिक्स, लाइव्ह यांना प्रत्येकी वेगळा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. ध्वनिमुद्रणाचं शुल्क २,००० रुपये आहे आणि हरकतींसाठी निदान ३० दिवस थांबावं लागतं. अर्ज जरूर करा, पण नोटीस त्याच्यासाठी अडवू नका.

आता पुरावा. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. फोनवर स्क्रीनशॉट काढून 'माझं गाणं या साइटवर आहे' असं कळवलं की उत्तर येत नाही, आणि त्यात साइटवाल्याचा आळस तेवढा नसतो. २०१६मध्ये सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की मध्यस्थाला (म्हणजे दुसऱ्यांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्या साइटला किंवा ॲपला) त्या विशिष्ट मजकुराची प्रत्यक्ष माहिती हवी. गाण्यांची नुसती यादी देऊन भागत नाही. म्हणजे त्या फाइलचा पूर्ण यूआरएल (वेबपत्ता) द्यायचा, साइटच्या मुखपृष्ठाचा नव्हे. एकाच साइटवर १२८ आणि ३२० केबीपीएसच्या दोन फाइल असतील तर दोन यूआरएल. टेलिग्रामच्या सार्वजनिक चॅनलवर प्रत्येक मेसेजच्या लिंकच्या शेवटी क्रमांक असतो, तो प्रत्येक वेळी लिहा. फाइल उतरवून ठेवा, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढा, तारीख-वेळ टिपा. प्रकरण कोर्टात गेलं तर डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात आणि त्यात हॅशची नोंद करावी लागते. फाइल मिळाली त्याच दिवशी हॅश काढलेला असेल तर पुढे धावपळ होत नाही.

भारतातल्या मध्यस्थाला नोटीस पाठवायची ती कॉपीराइट नियम २०१३च्या नियम ७५प्रमाणे. गाण्याचं वर्णन, मालकीचा आधार, ही प्रत बेकायदा का, ती नेमकी कुठे आहे, आणि टाकणारा माहीत असेल तर त्याचा तपशील. या जोडीला एक हमी द्यावी लागते, आणि ती न वाचताच सही होते: सक्षम न्यायालयात दावा लावून नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत आदेश आणून देईन. नोटीस पटली तर मध्यस्थाने ३६ तासांत दुवा बंद करायचा असतो. २१ दिवसांत आदेश आला नाही तर तो दुवा पुन्हा सुरू करू शकतो. वर, त्याच ठिकाणच्या त्याच गाण्याबद्दल तुमच्या पुढच्या नोटिशीला उत्तर देण्याचं बंधनही त्याच्यावर उरत नाही. हे काडतूस एकदाच उडतं. गणपतीचं गाणं असेल तर २१ दिवसही पुष्कळ. बारमाही चालणारं असेल तर आधी वकिलाशी बोला.

यूट्यूबवर काम सोपं आहे. कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्ममध्ये वेळेचे तुकडे नेमके भरा: तासाभराच्या नॉनस्टॉपमध्ये तुमचं गाणं कुठून कुठपर्यंत आहे ते. तीच प्रत पुन्हा चढू नये यासाठीचा पर्यायही तिथेच असतो. समोरच्याने प्रतिदावा केला तर १० कामाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत दिसू लागतो. कंटेंट आयडी, म्हणजे जुळणारी गाणी आपोआप शोधणारी यूट्यूबची यंत्रणा, लहान निर्मात्याला थेट मिळत नाही, वितरकामार्फत मिळतो. त्यात एक मोठा खड्डा आहे. पारंपरिक आरती तुम्ही गायलीत तर तुमचं फक्त ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल सगळ्यांची. विकत घेतलेले ढोल-ताशाचे लूप तर शेकडो जणांच्या गाण्यांत असतात. अशी फाइल कंटेंट आयडीत टाकली की शेजारच्या गल्लीतल्या पथकाच्या व्हिडिओवर तुमचा दावा लागतो आणि भांडण तुमच्याच दारात येतं. उलट, वेग किंवा पट्टी बदललेली प्रत या यंत्रणेच्या नजरेतून निसटू शकते. ती हातानेच शोधायची.

फुकट डाउनलोडच्या साइटवर संपर्काचं पानच नसतं. डोमेनची माहिती तपासा. साइट क्लाउडफ्लेअरमागे (खरा सर्व्हर झाकणारी सेवा) असेल तर त्यांच्या गैरवापर तक्रारीच्या फॉर्मवर लिहा. खरं होस्टिंग कोणाकडे आहे ते त्यातून कळू शकतं. तोवर गूगल शोधातून दुवे काढायची विनंती स्वतंत्रपणे करा. फाइल राहते, पण गाण्याचं नाव टाकून शोधणाऱ्याला ती समोर दिसत नाही, आणि बरीचशी गिऱ्हाइकं तिथूनच येत असतात. गूगल अशा नोटिशींची प्रत ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाला देतं, तेव्हा नाव कंपनीचं घाला. टॉरेंटमागे धावू नका. तिथे फाइल एका जागी नसतेच.

मोठ्या कंपन्या सरळ न्यायालयातून साइटच बंद करवतात. २०१२मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने ३८७ इंटरनेट सेवादारांना १०४ साइट अडवायला सांगितलं गेलं. साइट मग नाव बदलून परत येतात. म्हणून २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच साइटची हुबेहूब नक्कल असलेल्या नव्या पत्त्यांनाही लागू होणारा आदेश दिला. एका गाण्यासाठी हा खर्च झेपत नाही. चार-पाच निर्माते एकत्र आले तर विचार करण्याजोगा आहे.

फाइल वाटणाऱ्या पोरांवर मात्र तुटून पडू नका. अमेरिकेत तो प्रयोग होऊन गेला. गाणी आपसांत वाटायची सेवा नॅपस्टर २००१मध्ये बंद पडली, २००३पासून रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने हजारो सामान्य लोकांना कोर्टात खेचलं, एका बाईला २४ गाण्यांसाठी २,२२,००० डॉलर भरपाई द्यायला सांगितलं गेलं, आणि २००८मध्ये संघटनेने स्वतःच ती मोहीम थांबवली. वाटणं थांबलं नव्हतं. मंडळाच्या कार्यकर्त्याला धमकीची नोटीस पाठवलीत तर पुढच्या वर्षी तुमचं गाणं मंडपात वाजणार नाही. शिवाय निराधार धमकीविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या कलम ६०खाली तोच तुमच्यावर दावा लावू शकतो. धंदा म्हणून मेमरी कार्ड भरून विकणारा वेगळा. त्याच्यासाठी कॉपीराइट कायद्याचंच कलम ६३ आहे: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलं. पोलीस ठाण्यात जाताना त्या निकालाची प्रत सोबत न्या, हुज्जत कमी होते.

गाणं प्रकाशनाआधीच फुटत असेल तर गळती घरातली असते. डीजे, ढोलपथक, रील बनवणारे यांना एकच फाइल देऊ नका. सुरुवातीची शांतता कमीजास्त करून खूण ठेवायचा मोह होतो, पण ती पहिल्याच कापाकापीत जाते. त्यापेक्षा प्रत्येकाच्या प्रतीत टाळाचा एक वेगळा ठोका गाळा: एकाच्या दुसऱ्या कडव्यातला पाचवा, दुसऱ्याच्या तिसऱ्या कडव्यातला नववा. ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि फाइल कितीही वेळा दाबून नवी केली तरी तो ठोका परत येत नाही. वहीत चार रकाने आखा: कोणाला दिली, कधी दिली, कोणता ठोका गाळला, फाइलचा हॅश काय. चौथा रकाना भरल्याशिवाय फाइल पाठवू नका.