स्केलपट्टी जरा उशिरा उचला

इमारत बांधून घेणाऱ्याकडून गरजांची यादी हाती पडली की आमच्या आर्किटेक्ट ऑफिसातली नवी मुलं लगेच कॉम्प्युटरवर खोल्यांचे चौकोन जुळवायला बसतात. मी त्यांना अडवते. आधी यादी नीट वाचा, साइटवर चकरा मारा, लोकांचं म्हणणं कानावर घ्या. मग यादी ड्रॉवरमध्ये टाका आणि निवांत चित्रं काढा.

फिनलंडचा आर्किटेक्ट आल्वार आल्टो हेच करायचा. व्हीपुरीच्या (आताचं रशियातलं व्हिबोर्ग) वाचनालयाचं काम चालू असताना तो डोंगरांची पोरकट चित्रं काढत बसे. उतार, कडे आणि आकाशात एक सोडून कितीतरी सूर्य. १९३५ साली वाचनालय उभं राहिलं, तेव्हा त्या उतारांच्या वरखाली पातळ्या झाल्या होत्या आणि सूर्यांचे छतातले ५७ गोल झरोके. झरोके इतके खोल, की तिकडचं तिरपं ऊन थेट आत येतच नाही. उजेड पसरून उतरतो, पानावर सावली पडत नाही.

ते झरोके मात्र पुण्यात आणू नका. आपल्याकडे मे महिन्यात आणि जुलैअखेरीस सूर्य ऐन डोक्यावर येतो. घ्यायची ती पद्धत.

बटर पेपरचा रोल आणि मऊ, काळीभोर सिक्स बी पेन्सिल पुरे. खोडरबर नको. पेन्सिल मागून धरा, हात खांद्यातून फिरू द्या. इमारत सोडून काहीही काढा. कोकणातल्या एका शाळेसाठी आमच्याकडच्या मुलीने नुसता पाऊस काढला: तिरक्या रेघा, आणि त्याखाली पंख पसरून पिल्लांना पोटाशी घेतलेली कोंबडी. मी वर दुसरा बटर पेपर टाकला आणि म्हटलं, आवडलेली रेघ तेवढीच गिरव. तिने पंख गिरवला. तिसऱ्या कागदावर त्या पंखाचं नैऋत्येला जमिनीपर्यंत झुकलेलं कौलारू छप्पर झालं, आणि वळचणीखाली छत्र्या झटकायला, चपला काढायला ऐसपैस पडवी मिळाली. प्लॅनमधून सुरुवात केली असती तर ही पडवी 'पॅसेज' म्हणून चार फुटांत उरकली असती, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून प्लॅनच्या आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद काढा, त्यात एक माणूस उभा करा आणि मगच स्केलपट्टी घ्या. एकास दोनशे या प्रमाणावर (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले दोन मीटर) सुरुवात करा. प्रत्येक कागदावर तारीख टाका, एकही फेकू नका. आता ड्रॉवरमधली यादी काढून पडताळा. खोल्या बसत नसतील तर पंख कापू नका, वर कोरा कागद टाकून पुन्हा गिरवा.