काउंटीची सीमा वॉशिंग्टन सोडून मोंटानात दिसत असेल तर

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं सिएटल ज्या काउंटीत (जिल्ह्यात) आहे तिचा नकाशा करत होतो. दवाखाने आणि शाळांचे बिंदू सिएटलवर बरोबर बसले, पण सीमेचा लेयर (नकाशाचा थर) पूर्वेला थेट मोंटाना राज्याच्या उत्तर टोकाला! दोन संध्याकाळी यातच गेल्या.

प्रोजेक्टचा सीआरएस (जागा कोणत्या आकड्यांत मोजायची ती पद्धत) बदलला, फाइल परत उतरवली, आकडे एका सीआरएसमधून दुसऱ्यात बदलणारं 'रीप्रोजेक्ट लेयर' चालवलं. शेवटच्याने तर चूक नव्या फाइलमध्ये पक्की झाली.

कारण माझंच होतं. पेनड्राइव्हवर घेताना .पीआरजे फाइल (तिच्यात लेयरचा सीआरएस लिहिलेला असतो) मागे राहिली, आणि क्यूजीआयएसने सीआरएस विचारल्यावर मी अंदाजाने ईपीएसजी ३२१४८ निवडला (ईपीएसजी म्हणजे सीआरएसचा ठरलेला क्रमांक). तो राज्याच्या उत्तर भागाचा, वॉशिंग्टन नॉर्थच, पण मीटरमधला. डेटा होता फुटांत.

उपाय याच क्रमाने करा. रीप्रोजेक्ट केलेली फाइल काढून मूळ फाइल घ्या. लेयरच्या प्रॉपर्टीज, इन्फर्मेशनमध्ये एक्स्टेंट (लेयरच्या कडांचे आकडे) बघा: सिएटलजवळ एक्स साधारण पावणेतेरा लाख आणि वाय सव्वादोन लाख दिसले, तर ते फूट आहेत. मग लेयरवर राइट क्लिक, लेयर सीआरएस, सेट लेयर सीआरएस, ईपीएसजी २९२६ (वॉशिंग्टन नॉर्थच, पण फुटांतला). सीमा लगेच जागेवर येते. यात आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो.

बिंदूंचं उलट. ते अक्षांश-रेखांशात, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये, बरोबरच आहेत. त्यांच्यावर 'सेट लेयर सीआरएस' वापरू नका. त्यांचे आकडेच बदलायचे आहेत, म्हणून एक्स्पोर्ट, सेव्ह फीचर्स अॅज, सीआरएस २९२६, फॉरमॅट जिओपॅकेज (नकाशाच्या डेटाचा एक फाइल प्रकार). आता बफरचं (बिंदूभोवती आखलेल्या पट्ट्याचं) अंतरही फुटांत द्या, अंशांत नव्हे.