अंजनेरीच्या धुक्यातून खाली उतरताना: हातातलं जीपीएस कसं वापरावं

हातात जीपीएस घेऊन गडावर निघालेल्या बहुतेकांचं लक्ष माथ्याच्या खुणेवर, म्हणजे यंत्रात साठवलेल्या माथ्याच्या जागेवर असतं. माझ्या मते सगळ्यात कमी कामाची खूण तीच. आपल्या नाशिक जिल्ह्यातले डोंगर आठवून पाहा: अंजनेरी, ब्रह्मगिरी, कुलंग, साल्हेर. माथा खालूनच दिसतो, वाडीतलं लहान पोरही बोट करून दाखवतं. खरा प्रश्न येतो उतरताना. वर पसरलेलं पठार, चारी बाजूंनी तुटलेले कातळकडे आणि खाली जायला एखादीच घळ. ढग उतरले की त्या घळीचं तोंड वीस पावलांवर असूनही दिसत नाही. यंत्राला पहिल्यांदा कामाला लावायचं ते इथे.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर मायक्रोमीटर नाहीतर व्हर्नियर हातात असतो, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की आधी विचारते, टॉलरन्स किती, म्हणजे आकडा किती मागेपुढे असू शकतो? जीपीएसलाही हेच विचारायचं. मोकळ्या आकाशाखाली चांगलं यंत्र साधारण तीन ते पाच मीटरच्या आत जागा दाखवतं. जागा आणि उंची काढायला किमान चार उपग्रह लागतात, आणि ते आकाशात नीट विखुरलेले असावे लागतात. अरुंद नाळेत शिरलात की दोन्ही बाजूंच्या भिंती आकाश झाकतात, संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्र तुम्हाला तीस-चाळीस मीटर बाजूला नेऊन ठेवतं. मैदानात तेवढ्याने काही बिघडत नाही. कड्याच्या कडेला तेवढ्यात सगळंच बिघडतं. म्हणून पडद्यावरच्या बाणाआधी पडद्यावरची अचूकता, म्हणजे किती मीटरची चूक असू शकते तो आकडा, वाचायची सवय लावा. आकडा मोठा दिसला तर मोकळ्यावर या, दोन मिनिटं थांबा, मग विश्वास ठेवा.

तयारी घरीच करायची. सेटिंगमध्ये डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो, डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर आहेत. त्यांच्यावरून काढलेले अक्षांश-रेखांश तसेच भरले तर आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे आकडे लिहायची पद्धत. १९ अंश ५५ मिनिटं म्हणजे १९.५५ अंश नव्हे. असं भरलंत तर खूण बावीस मिनिटं, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला सरकते. त्र्यंबकजवळची जागा कसाऱ्याच्याही खाली गेलेली दिसते. कुणी व्हॉट्सअॅपवर आकडे पाठवले तर ते कुठल्या पद्धतीत आहेत हे विचारून घ्या आणि खूण भरल्यावर नकाशावर एकदा डोळ्यांनी तपासा.

पायथ्याशी गाडीतून उतरलात की यंत्र लगेच चालू करा आणि आकाशाखाली ठेवून द्या. खूप दिवस बंद असलेल्या किंवा लांबून आणलेल्या यंत्राला पहिली जागा पकडायला काही मिनिटं लागतात. तोवर बूट बांधा, पाणी भरा. जुना ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, साठवून स्मृती मोकळी करा आणि रेकॉर्डिंग खरंच चालू आहे ना ते बघा. पहिली खूण गाडीपाशी किंवा वाडीतल्या मारुतीपाशी टाका.

आता अंजनेरी. गावातून वर आलेली पायऱ्यांची वाट कड्याच्या खाचेतून पठारावर निघते. वर आलात की लगेच मंदिराकडे चालू लागू नका. आधी मागे वळा. जिथून वर आलात ती जागा परत येताना जशी दिसेल तशी डोळे भरून बघून घ्या. उजव्या हाताला कुठला दगड, डावीकडे कुठलं झुडूप, पायऱ्या नेमक्या कुठून सुरू होतात. मग खाचेच्या तोंडाशी नाही, तोंडापासून दहा-पंधरा पावलं आत, सुरक्षित सपाटीवर उभं राहून खूण टाका. खुणेत पाच मीटरची चूक असली तरी ती तुम्हाला कड्यावर नेऊ नये, हा त्यामागचा हिशेब. यंत्रात सरासरी काढायची सोय असेल तर दोन-तीन मिनिटं ते तिथेच धरून ठेवा. आणि नाव द्या. '००७' वाचून पावसात कुणालाच काही आठवत नाही, 'उतार खाच' वाचलं की आठवतं. पुढे वाट फुटेल तिथेही हेच करायचं. ढोरवाट आणि पायवाट वेगळ्या होतात ती जागा, ओढा ओलांडायची जागा, पाण्याचं टाकं. चढताना टाकलेल्या अशा चार-पाच नेमक्या खुणा उतरताना पन्नास अंदाधुंद खुणांपेक्षा जास्त कामाच्या.

धुक्यात परत फिरताना 'गो टू' दाबलं की यंत्र सरळ रेषा दाखवतं. मधे दरी आहे, कारवीचं रान आहे की घसरडा कातळ, हे त्या रेषेला माहीत नसतं. कुलंगच्या किंवा अलंगच्या माथ्यावर अशी सरळ रेषा पकडून चालणं जिवावर बेतू शकतं. त्याऐवजी ट्रॅकबॅक वापरा. आल्या पावली परत नेणारा ट्रॅक पडद्यावर ठेवा आणि त्याच्यावरून चाला. पठारावर वाट सुटल्यासारखं वाटलं तर सगळ्यांना जागेवर उभं करा आणि एकट्याने पुढे जाऊन शोधू नका.

बाणाबद्दल एक गोष्ट विकत घेतानाच समजून घ्या. गार्मिन कंपनीच्या एट्रेक्स २२एक्स यंत्रात चुंबकीय होकायंत्र नाही, ३२एक्समध्ये आहे, त्याला हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापकही आहे. होकायंत्र नसलेल्या यंत्राला तुमची दिशा तुम्ही चालल्यावरच कळते. जागेवर उभं राहून गोल फिरलात तर बाण काहीही दाखवेल. सुरक्षित बाजूला दहा-पंधरा पावलं सरळ चाला, मग बाण वाचा. होकायंत्र असलेल्या यंत्रात सेल बदलले की कॅलिब्रेशन, म्हणजे दिशेची जुळवणी, पुन्हा करा, आणि ते गाडीपासून, लोखंडी शिडी-रेलिंगपासून लांब उभं राहून करा.

उंचीमापकालाही पायथ्याशी माहीत असलेल्या उंचीवर लावून घ्यावं लागतं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल उतरला की यंत्राला वाटतं आपण ८ मीटर चढलो. पावसाळ्यात दिवसभरात दाब एवढा सहज बदलतो. म्हणून साल्हेरच्या माथ्यावर १५६७ मीटर आहे हे माहीत असताना यंत्र वेगळं काही दाखवत असेल तर तिथे दुरुस्त करून घ्या, उतरताना उपयोग होतो. धुक्यात उंची फार मोठा आधार असते. खिंड किती मीटरवर आहे हे माहीत असेल तर आपण तिच्या वर आहोत की खाली हे नक्की सांगता येतं.

यंत्रात ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर आधारलेला नकाशा आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) भरून घ्या, पण त्या रेषांची मर्यादा ओळखा. मोफत मिळणाऱ्या बहुतेक रेषा उपग्रहांनी आणि अवकाशयानांनी मोजलेल्या उंचीवरून काढलेल्या असतात, आणि ती मोजणी साधारण तीस किंवा नव्वद मीटरच्या चौकोनांत केलेली असते. एका चौकोनात मावणारा सरळसोट कडा नकाशावर नुसता तीव्र उतार होऊन येतो. सह्याद्रीत दाट रेषा दिसल्या की तिथे कडा आहे असंच धरून चाला. नाही निघाला तर चांगलंच.

हरिहरच्या पायऱ्यांवर मात्र यंत्र पिशवीत टाका. वाट चुकायची तिथे सोय नाही आणि दोन्ही हात दगडातल्या खोबण्यांत हवेत. एरवी यंत्र दोरीने खांद्याच्या पट्ट्याला बांधलेलं असावं, पडद्याची बाजू आत.

फोनमध्येही जीपीएस असतं आणि ते नेटवर्कशिवाय चालतं, नकाशा आधी उतरवून घेतलेला असला की झालं. मग वेगळं यंत्र कशाला? आमच्याकडच्या पावसासाठी. ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकत नाही, बटणं ऐकतात. शिवाय एट्रेक्ससारखं यंत्र दोन पेन्सिल सेलवर जवळपास २५ तास चालतं, आणि सेल संपले तर घोटीच्या दुकानातही मिळतात. रिचार्जचे सेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीची दिसते. जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडे. फोनही बरोबर असू द्या, विमान मोडवर. मदत लागलीच तर ११२ लावायला त्याची बॅटरी हवी.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं वेगळी. ती भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने आणून दिलं तरी ट्रेकला नेऊ नका.

आणि वाडीत विचारल्याशिवाय वर जाऊ नका. आंबेवाडीतले दादा, हट्टीतली मावशी एका वाक्यात सांगतात ते कुठल्याच ट्रॅकमध्ये नसतं: "त्या बाजूनं जाऊ नका, पावसात दरड आलीय." गेल्या हिवाळ्यातला उत्तम ट्रॅक यंत्रात असला तरी त्या वाक्यापुढे तो बाद समजा. अवघड वाटेला, विशेषतः अलंग-मदनला, माहीतगार वाटाड्या घ्या आणि त्याच्या बरोबरीने ट्रॅक नोंदवत चला. असा ट्रॅक पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

सराव करायला पांडवलेणीचा डोंगर किंवा रामशेज उत्तम. स्वच्छ उन्हात जा, खुणा टाका, मग पडद्याकडे बघूनच परत या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वाटेशी ताडून बघा. धुक्यात पहिल्यांदा बटणं शोधायची वेळ येऊ नये.

घरी आल्यावर ट्रॅक जीपीएक्स फाइल (दुसऱ्या यंत्रातही उघडणारी) म्हणून उतरवा, जेवायला बसलेल्या जागेचा गुंता आणि चुकून शिरलेले फाटे काढून टाका, महिना आणि हंगाम लिहा, मगच दुसऱ्याला द्या. फाइलमध्ये दुर्मीळ फुलांच्या जागा ठेवू नका. अंजनेरीवर सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदिलाच्या आकाराच्या फुलांची वनस्पती आहे, जगात मोजक्याच जागी उगवणारी. तिचे अक्षांश-रेखांश गटावर फिरले तर पुढच्या रविवारी तिथे माणसांची वाट पडते. ती खूण यंत्रातून पुसून टाका.