मॉन्स्टर डिझाइन शिकायचंय? मग एकच मॉन्स्टर सगळ्या एडिशनमध्ये वाचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलभोवती बसून फासे टाकून खेळायच्या गेमसाठी स्वतःचे मॉन्स्टर बनवायला घेतलेले नवीन लोक बहुतेक वेळा सीआरचं (चॅलेंज रेटिंग, म्हणजे मॉन्स्टर किती अवघड ते सांगणारा आकडा) कोष्टक उघडून बसलेले असतात. माझं म्हणणं आहे की कोष्टक नंतर बघा. आधी एक मॉन्स्टर निवडा आणि तोच जुन्या एडिशनपासून आजपर्यंत वाचत या. मी बरीच वर्षं गेम चालवतोय, मॉन्स्टर पण लिहितो आणि मला या कामातलं जे काही कळतं ते बहुतेक असंच वाचून कळलंय. कारण बदल उगाच झालेले नसतात, टेबलवर कोणाला तरी कसला तरी त्रास होत असतो म्हणून होतात. तो त्रास ओळखता आला की आपण आपल्या स्टॅट ब्लॉकमध्ये (मॉन्स्टरचे आकडे आणि क्षमता लिहिलेली चौकट) कुठली ओळ कशासाठी टाकतोय हे कळायला लागतं.

गॉब्लिन घ्या. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याला १ ते ७ एचपी (हिट पॉइंट्स, किती मार सोसतो तो आकडा) आणि भेटणाऱ्यांची संख्या ४० ते ४००! म्हणजे डोळ्यासमोर अख्खी टोळी आहे, एकटा गॉब्लिन नाही. लढाईत त्याची स्वतःची अशी काही खासियत नाही, गर्दी हीच त्याची ताकद. मग २००० साली तिसरी एडिशन आली आणि ठरलं की मॉन्स्टरसुद्धा प्लेयरसारख्याच नियमांनी बांधायचा, म्हणून गॉब्लिनला फीट (खास जमणारी गोष्ट) आली, स्किल आले, सगळं आलं. शिकण्यासाठी ही एडिशन फार चांगली आहे, प्रत्येक आकडा कुठून आला ते सुटं करून बघता येतं, टेम्प्लेट (तयार बदलांचा संच) चढवून साध्या प्राण्याचं काहीतरी भयंकर करता येतं. पण दोन-तीन राउंडमध्ये मरणाऱ्या गॉब्लिनची अलर्टनेस फीट डीएमला (गेम चालवणाऱ्याला) लागणार कधी? आणि मोठ्या राक्षसांच्या पानावर तर नुसती स्पेलची नावं, प्रत्येक स्पेल काय करतो ते बघायला दुसरं पुस्तक उघडा, तोपर्यंत सगळे गप्प बसून.

२००८ च्या चौथ्या एडिशनने पहिला प्रश्नच बदलला, हा लढाईत करतो काय? ब्रूट (दणकट), सोल्जर (वाट अडवणारा), लर्कर (लपून वार करणारा), आर्टिलरी (लांबून मारणारा) असे रोल आले, १ एचपीचे, एका वारात मरणारे मिनियन आले. आणि गॉब्लिनला एक छोटीशी गोष्ट मिळाली, जवळून केलेला वार हुकला की तो तिथल्या तिथे नकाशावर एक चौकोन सरकतो. बस एवढंच. मला हे आजही अप्रतिम वाटतं, कारण डीएमने वर्णनाचं एक वाक्य न वाचता प्लेयरला कळतं की ही जात हातातून निसटणारी आहे. २०१४ ला पाचव्या एडिशनमध्ये तोच गॉब्लिन बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली एक जास्तीची छोटी कृती) लपतो किंवा निसटतो. नियम वेगळा, स्वभाव तोच. स्वतःचा मॉन्स्टर बनवताना मी नेहमी हेच शोधतो, अशी एक हालचाल जी त्याच्याशिवाय कोणीच करणार नाही.

दुसरं उदाहरण वाइटचं, म्हणजे एका अनडेड (मेलेल्या पण चालत्या-फिरत्या) मॉन्स्टरचं. जुन्या खेळात वाइटचा वार लागला की प्लेयरची एक लेव्हल गेली, सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) वगैरे काही नाही, आणि व्हॅम्पायर असेल तर दोन. भीती खरीखुरी होती. पण टेबलवर काय व्हायचं, लढाईच्या मध्येच एचपी, अटॅक, स्पेल सगळं परत काढायचं, आणि महिनोन्‌महिने कमावलेलं एका वारात गेलं म्हणून माणूस नाराज ते वेगळंच. तिसऱ्या एडिशनने निगेटिव्ह लेव्हल आणली, म्हणजे आत्ता पेनल्टी लागते आणि कायमचं नुकसान होतं की नाही ते एक दिवसाने सेव्हवर ठरतं. चौथीत हीलिंग सर्ज (एचपी भरून घ्यायची एक संधी) जातो. पाचवीत सेव्ह चुकला तर कमाल एचपी कमी होतात आणि लाँग रेस्ट झाली की परत येतात. हिशोब सोपा झाला हे मान्य, पण माझं स्पष्ट मत आहे की भीतीही गेली, रात्रभर झोपून जे भरून निघतं त्याला कोण घाबरणार. मला तिसरीचा मधला मार्ग आवडतो आणि माझ्या अनडेड मॉन्स्टरमध्ये मी अजून तोच वापरतो.

आता आकड्यांबद्दल, कारण नवीन लोक इथेच फसतात. १९७७ च्या सगळ्यात मोठ्या, म्हाताऱ्या रेड ड्रॅगनला ८८ एचपी, २०१४ च्या एन्शंट रेड ड्रॅगनला ५४६. वाटतं किती वाढवून ठेवलंय. पण ड्रॅगनचा आगीचा श्वास बघा, तेव्हा श्वासाचं डॅमेज ड्रॅगनच्या एचपीइतकंच असायचं म्हणजे ८८, आणि २०१४ मध्ये सरासरी ९१. जवळपास तेवढंच! फरक समोरच्या पार्टीत (प्लेयरांच्या गटात) आहे. तेव्हाचा भला मोठा फायटरसुद्धा त्या एका श्वासात राख होऊ शकायचा, आताचा २० व्या लेव्हलचा फायटर तो सोसून पुढे चालून येतो. त्यामुळे दोन एडिशनचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. किती राउंड टिकतो आणि किती वारांत मारतो एवढंच तपासा. (दुसऱ्या एडिशनपर्यंत एसी, म्हणजे वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला होता हेही लक्षात असू द्या, नाहीतर जुनं पान वाचताना गोंधळ होतो.)

ड्रॅगनवरून अजून एक. एकटा मॉन्स्टर विरुद्ध चार-पाच प्लेयर असलं की त्याच्या एका टर्नला यांच्या पाच टर्न, मग एचपी कितीही द्या, तो मार खात उभा राहतो. चौथीने यावर सोलो (एकट्याने अख्ख्या पार्टीला पुरणारे) मॉन्स्टर आणले पण सुरुवातीच्या पुस्तकांत ते डॅमेजला कमी पडायचे आणि लढाई लांबायची, २०१० च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून ते डॅमेज वाढवलं गेलं. पाचवीत लेजेंडरी ॲक्शन आल्या, दुसऱ्याची टर्न संपली की मॉन्स्टर हलतो. बॉस लिहायचा असेल तर एचपी वाढवायच्या आधी हे शिका.

वाचायला सुरुवात करायची तर तिसरी आणि पाचवी यांचे एसआरडी (मूळ नियमांचे खुले दस्तऐवज) फुकट आणि कायदेशीर मिळतात, पाचवीचा तर २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. एक मॉन्स्टर घ्या, वहीत प्रत्येक एडिशनपुढे फक्त लिहा की डीएमला काय करावं लागतं आणि प्लेयरला काय वाटतं. नजरेने दगड करणारा बॅसिलिस्क यासाठी मस्त आहे, आधी नजरानजर झाली की एका सेव्हवर दगड, पुढे हळूहळू दगड होणं आलं आणि मधल्या टर्नमध्ये मित्रांना काहीतरी करायची संधी मिळाली. आणि २०२५ च्या मॅन्युअलमधला लांडगा बघाच, आधी चावल्यावर स्ट्रेंथ सेव्ह होता, आता वार लागला की मध्यम आकाराचा प्लेयर सरळ आडवा. एक रोल वाचला, खेळ पळतो, मला हा बदल पटतो, पण पहिल्या लेव्हलच्या पार्टीवर असे चार लांडगे सोडताना जरा विचार करा.