एस्प्रेसो विकायची आहे? आधी पाणी बघा

माझं पुस्तकांचं दुकान आहे. गिऱ्हाईक यायचं, अर्धा तास पुस्तकं चाळायचं आणि हात हलवत जायचं. म्हटलं, एस्प्रेसो मशीन टाकू. बसतील, पितील, एखादं पुस्तकही नेतील. तुमच्या डोक्यातही असंच काही शिजत असणार, मग दुकान फुलांचं असो की सायकल दुरुस्तीचं. विचार वाईट नाही. मी आजही कॉफी विकतोय. पण पहिल्या वर्षी माझे पैसे पाण्यात गेले, आणि हे अगदी शब्दशः घ्या.

18 ग्रॅम पावडर, 36 ग्रॅम शॉट (म्हणजे कपात उतरलेली एस्प्रेसो), 25 ते 30 सेकंद, 9 बार दाब, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल. ग्राइंडरवर कंजुषी करू नका, हेही दहा जणांनी सांगितलं असेल. ऐका त्यांचं. पाण्याबद्दल मात्र मला एवढंच ऐकायला मिळालं, "फिल्टर लावून घ्या." कुठला फिल्टर, कशासाठी, ते मशीन विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी शहाणपणा केला. टीडीएस मीटर आणला, पाण्यात बुडवला. आकडा 240. वाचलं होतं की 75 ते 250 चालतं, 150 उत्तम. झालो निर्धास्त, आणि तिथेच फसलो. हा मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एक आकडा देतो. त्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, हे त्याला कळत नाही. बॉयलरमध्ये थर धरतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाणी जितकं तापेल तितका कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो, आणि वाफेचा बॉयलर 120 अंशांच्या आसपास असतो. माझ्या 240 मध्ये जवळपास सगळा हाच ऐवज होता.

आठ महिन्यांत शॉट रडतरखडत पडायला लागला. मी दोष दिला बियांना, मग ग्राइंडरला. दर आठवड्याला पावडर थोडी जाड करत गेलो. शेवटी मेकॅनिकनं ग्रुप, म्हणजे जिथून गरम पाणी पावडरीवर पडतं तो भाग, उघडला, तर पाणी सोडणारं बारीक भोक पांढऱ्या पुटानं बुजत आलेलं. वॉरंटी? क्षार तीत बसत नाहीत. तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला.

मग घाबरून दुसरं टोक गाठलं. आरओ बसवला, मीटर 10 च्या खाली. कॉफी आंबट आणि पोकळ लागायला लागली. ते एकवेळ चाललं असतं, पण एका सकाळी स्टीम वाँडमधून, म्हणजे दूध तापवायच्या नळीतून, वाफेऐवजी गरम पाणीच आलं. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखायला धातूची एक काडी असते. पाण्यातून वीज वाहते, म्हणून तिला पाणी आल्याचं कळतं, आणि वीज वाहते ती क्षारांमुळे. क्षारच नसले तर मशीनला वाटतं बॉयलर रिकामा आहे, आणि ते पाणी भरतच राहतं.

आता आरओच्या पाण्यात कार्बन फिल्टरमधून आलेलं थोडं नळाचं पाणी मिसळतो, त्यासाठी एक व्हॉल्व बसवलाय. थेंब टाकून पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं किट मिळतं, ते घ्याच. अल्कलिनिटीचंही, म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकतं ते मोजायचंही, घ्या. सॉफ्टनर लावलात तर टीडीएस मीटरच्या आकड्यावर जाऊ नका, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम घालतो आणि आकडा फारसा हलत नाही. पाण्यातलं क्लोराइडही तसंच राहतं, आणि ते स्टीलला खातं. तुम्हाला काय लागेल ते किट सांगेल, विकणारा नाही. आणि हे मशीनची ऑर्डर देण्याआधी करा. घाबरू मात्र नका, एकदा बस्तान बसलं की महिन्यातून दहा मिनिटांचं काम आहे.

मशीनबरोबर 'मोफत ट्रेनिंग' मिळतं, त्यावर माझा विश्वास उडालाय. मला तासभर दुधावर हंस काढायला शिकवलं. दर वेळी वाँड पुसून वाफ सोडायची, रात्री ग्रुप डिटर्जंटनं बॅकफ्लश करायचे, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतून धुवायचे, हे मी एका कॅफेत दोन शनिवार-रविवार कप विसळताना शिकलो. तुम्हीही तसंच शिका. आणि बटण दाबलं की सगळं स्वतः करणारं मशीन म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्यांच्या दुकानात बहुधा चार माणसं कामाला असतात. गल्ल्यावर तुम्ही एकटेच असाल तर ते घ्यायला लाजू नका.

मी हट्टानं साधं मशीन घेतलं. दोन कॅपुचिनोंची ऑर्डर आली की माझं बिलिंग आजही थांबतं, आणि रांगेतली माणसं तोवर पुस्तकं चाळत बसतात.